शिरेतून अखंड चालणारं पीएएचचं औषध घरी सुरक्षितपणे कसं वापरायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पल्मनरी आर्टेरियल हायपरटेन्शन, म्हणजे पीएएच. या आजारासाठी एपोप्रोस्टेनॉल किंवा ट्रेप्रोस्टिनिल छातीतल्या नळीतून चोवीस तास सुरू झालं, की रुग्ण आणि घरचे एका वेगळ्याच शाळेत दाखल होतात. औषध कसं बनवायचं, पंप कसा चालवायचा, रात्री पंप वाजला तर काय करायचं, हे सगळं त्यांना शिकावं लागतं. ते शिकवणं हे माझं रोजचं काम आहे. रुग्णालयातून घरी गेल्यावर जे प्रश्न हमखास फोनवर येतात, ते इथे एकत्र केले आहेत.

तुमच्या डॉक्टरांनी लिहून दिलेल्या सूचना आणि इथला मजकूर यांत कुठे फरक दिसला, तर डॉक्टरांच्या सूचना पाळा. त्या तुमच्यासाठी, तुमच्या औषधासाठी आणि तुमच्या पंपासाठी लिहिलेल्या असतात.

हे औषध शरीरात काय करतं?

रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर प्रोस्टासायक्लिन नावाचा पदार्थ स्वतःच तयार करत असतं. तो वाहिन्या सैल ठेवतो आणि प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, एकमेकींना चिकटू देत नाही. त्याचा शोध १९७६ साली लागला. पीएएचमध्ये तो कमी पडतो. फुफ्फुसातल्या बारीक धमन्या आकसतात, त्यांच्या भिंती जाड होतात आणि त्या अरुंद वाटेतून रक्त ढकलताना हृदयाची उजवी बाजू थकत जाते. निरोगी माणूस विश्रांती घेत असताना या धमन्यांतला सरासरी दाब साधारण १४ मिलिमीटर पारा असतो. तो २० च्या वर गेला की वाढलेला मानतात.

एपोप्रोस्टेनॉल म्हणजे हेच प्रोस्टासायक्लिन, औषध म्हणून बनवलेलं. ट्रेप्रोस्टिनिल त्याच जातीचं, पण शरीरात जास्त वेळ टिकणारं.

गोळ्या मिळत असताना एवढा खटाटोप कशासाठी?

कारण आजार पुढे गेलेला असताना या औषधाइतका भरवशाचा आधार फार थोड्या औषधांचा आहे. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत गंभीर आजाराच्या ८१ रुग्णांना १२ आठवडे पाहिलं गेलं. अर्ध्यांना नेहमीच्या उपचारांच्या जोडीला एपोप्रोस्टेनॉल दिलं, बाकीच्यांना फक्त नेहमीचे उपचार. त्या काळात आठ रुग्ण दगावले आणि आठही जण एपोप्रोस्टेनॉल न मिळालेल्या गटातले होते. तेव्हा या आजारावरच्या आजच्या गोळ्या नव्हत्या, हे खरं. तरीही आजार तीव्र असेल तर आजही डॉक्टर शिरेतल्या औषधाकडेच वळतात, बहुधा गोळ्यांच्या जोडीने.

खटाटोप आहे, हे मी कुणालाही नाकारून सांगत नाही. पण पायऱ्या चढताना दोनदा थांबणारी माणसं काही महिन्यांनी न थांबता वर येताना पाहिली, की हा खटाटोप शिकवायला बळ येतं.

माझं औषध एपोप्रोस्टेनॉल आहे की ट्रेप्रोस्टिनिल, यानं काय फरक पडतो?

खूप. पहिला फरक वेळेचा. एपोप्रोस्टेनॉल रक्तात गेल्यावर काही मिनिटांतच निम्मं नाहीसं होतं. ट्रेप्रोस्टिनिल निम्मं व्हायला साधारण चार तास लागतात. म्हणजे पंप बंद पडला तर एका औषधात हाताशी मिनिटं असतात, दुसऱ्यात थोडे तास. पण ‘आपल्याकडे तास आहेत’ असं मनात धरून ट्रेप्रोस्टिनिलवाल्यांनीही निवांत बसू नये, कारण त्रास औषध पूर्ण संपण्याची वाट पाहत नाही.

दुसरा फरक औषध बनवण्यात आहे. एपोप्रोस्टेनॉल भुकटीच्या रूपात येतं आणि द्रावकात विरघळवावं लागतं. त्याचे दोन प्रकार आहेत. फ्लोलानला स्वतःचंच खास द्रावक लागतं, तर वेलेट्री निर्जंतुक पाण्यात किंवा सलाईनमध्ये बनवता येतं. एकाची पद्धत दुसऱ्याला लावायची नाही. ट्रेप्रोस्टिनिल आधीच द्रव असतं, ते पातळ करायचं असतं. त्याच्या २० मिलिलिटरच्या कुप्यांत मात्र २०, ५०, १०० किंवा २०० मिलिग्रॅम औषध असू शकतं. कुपी त्याच आकाराची आणि आत दहापट औषध, असं होऊ शकतं. नवा साठा आला की कपाटात ठेवण्याआधी प्रत्येक कुपीवरचा आकडा मोठ्याने वाचा आणि तुमच्या कागदावरच्या आकड्याशी जुळवा. टोपणाच्या रंगावर विसंबू नका.

औषध थांबलं तर नेमकं काय होतं?

औषधाच्या जोरावर सैल राहिलेल्या धमन्या पुन्हा आवळतात. कधी कधी दाब आधीपेक्षाही वर उसळतो. धाप लागते, चक्कर येते, ओठ निळसर पडतात, शुद्ध हरपते. अचानक बंद पडलेल्या औषधानं मृत्यू ओढवू शकतो. म्हणून ‘आज बरं वाटतंय, एक दिवस पंप काढून ठेवू’, ‘लग्नकार्यापुरतं बंद ठेवू’ हे विचार मनात आले तरी करायचं नाही. औषध कमी करायचं असलं तरी ते टप्प्याटप्प्याने आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच होतं.

मग नळीत सलाईन मारून ती साफ का करायची नाही? इतर रुग्णांची तर करतात.

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण ही चूक बहुतेक वेळा चांगल्या हेतूने होते आणि करणारी व्यक्ती प्रशिक्षित असते.

इतर रुग्णांच्या नळीत फार तर साधं सलाईन साचलेलं असतं. तुमच्या नळीत पंपापासून हृदयाजवळच्या टोकापर्यंत औषधच भरलेलं आहे. समजा तुमचा पंप तासाला २ मिलिलिटर औषध देतो आणि नळीत १ मिलिलिटर साचलेलं आहे. मागून सलाईनची सिरिंज दाबली की अर्ध्या तासाचं औषध दोन-तीन सेकंदांत रक्तात उतरतं. रक्तदाब कोसळतो, चेहरा लालबुंद होतो, उलटी होते, माणूस बेशुद्ध पडू शकतो. हृदयाची उजवी बाजू आधीच दमलेली असते, तिला हा धक्का झेपत नाही.

म्हणून या नळीत सलाईन मारायचं नाही, तिच्यातून रक्त काढायचं नाही, तिच्यातून दुसरं कोणतंही औषध, अँटिबायोटिक किंवा ग्लुकोज द्यायचं नाही. फ्लोलानचं द्रावण तर तीव्र क्षारधर्मी असतं, दुसऱ्या औषधाशी ते जुळत नाही. ही नळी फक्त या एका औषधाची. बाकी सगळ्यासाठी दुसऱ्या हातात वेगळी सुई.

याच कारणामुळे नवी कॅसेट, म्हणजे पंपाला लावायची औषधाची डबी, लावताना ट्यूबिंग, म्हणजे पंपापासून छातीतल्या नळीपर्यंतची जोडनळी, आधी औषधाने भरून घ्यायची असते. ती भरताना तिचं टोक तुमच्या नळीला जोडलेलं नसावं. दर वेळी, अगदी झोपेतून उठून बदलत असलात तरी, आधी डोळ्यांनी पाहा: टोक मोकळं आहे ना? मगच भरण्याचं बटण दाबा.

डोस, वेग आणि औषधाची तीव्रता यांत माझा नेहमी गोंधळ होतो.

तुमचाच नाही, सगळ्यांचाच होतो. एकदा शांतपणे आकडे मांडून पाहू.

डोस म्हणजे तुमच्या शरीराला मिनिटाला किती औषध मिळायला हवं. तो नॅनोग्रॅममध्ये, प्रत्येक किलो वजनामागे आणि दर मिनिटाला मोजतात. तीव्रता म्हणजे कॅसेटमधल्या एका मिलिलिटरमध्ये किती औषध आहे. वेग म्हणजे पंप तासाला किंवा दिवसाला किती मिलिलिटर ढकलतो.

समजा डोस २० नॅनोग्रॅम आणि वजन ५० किलो. मिनिटाला १,००० नॅनोग्रॅम लागले, तासाला ६०,०००. कॅसेटमधल्या मिलिलिटरमध्ये ३०,००० नॅनोग्रॅम असतील तर पंपाचा वेग तासाला २ मिलिलिटर, दिवसाला ४८. पुढे डॉक्टरांनी दुप्पट तीव्रतेचं औषध बनवायला सांगितलं, मिलिलिटरला ६०,०००. आता तोच डोस मिळवायला वेग तासाला १ मिलिलिटर हवा. कॅसेटमध्ये नवं औषध भरलं आणि पंपाचा वेग बदलायचा राहून गेला, तर डोस २० वरून थेट ४० होतो. पंप वाजत नाही, कारण त्याच्या दृष्टीने सगळं ठीक चाललंय.

दुसरी खाच एककाची. काही पंपांवर वेग तासाचा भरतात, काहींवर चोवीस तासांचा. वरच्या उदाहरणात एका पंपावर २ भरायचे आणि दुसऱ्यावर ४८. आकडे एकमेकांच्या जागी गेले, तर २४ पट औषध जाईल किंवा चोविसावा हिस्साच मिळेल. पंप बदलून मिळाला तर एकक कोणतं, हे देणाऱ्याकडून लिहून घ्या.

तीव्रता, वेग किंवा डोस यांपैकी काहीही बदललं की तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाकडून गणित तपासून घ्या. त्याला तुमचं उत्तर आधी सांगू नका. त्याने स्वतः करावं आणि मग दोन्ही उत्तरं शेजारी ठेवावीत. उत्तर आधी कळलं की माणूस तपासत नाही, मान डोलावतो.

माझं वजन वाढलं किंवा कमी झालं. वेग मी बदलायचा का?

नाही. सुरुवातीला धरलेलं वजन साधारणपणे तेच ठेवतात आणि डोस लक्षणांवरून ठरतो. मात्र दोन-तीन दिवसांत वजन झपाट्याने वाढलं, पाय सुजले, पोट फुगलं, तर लगेच कळवा. ते शरीरात साचलेलं पाणी असू शकतं.

घरी औषध बनवताना कशाकडे लक्ष द्यायचं?

स्वच्छ, कोरडी, मोकळी जागा. पंखा बंद, खिडकी बंद, पाळीव प्राणी खोलीबाहेर. साबणाने हात नीट धुऊन पूर्ण कोरडे करायचे. कुपीचं रबर अल्कोहोलने पुसलं की ते आपोआप वाळू द्यायचं, फुंकर मारायची नाही. सिरिंजचं टोक किंवा सुई कशालाही लागली तर ती टाकायची, दुसरी घ्यायची. महाग वाटतं म्हणून ‘जरा लागली, चालतंय’ असं करू नये. कॅसेटमधले हवेचे बुडबुडे काढून टाकायचे.

फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. मध्येच लक्ष गेलं आणि कुठवर आलो ते आठवेना, तर अंदाजाने पुढे जाऊ नका, पहिल्यापासून करा. कॅसेटवर औषधाचं नाव, तीव्रता, तारीख आणि वेळ लिहिल्याशिवाय ती खाली ठेवायची नाही, ही सवय पहिल्या आठवड्यातच लावून घ्या.

बर्फाच्या पिशव्या लागतात का?

औषधावर अवलंबून आहे. जुन्या द्रावकात बनवलेलं फ्लोलान साध्या तापमानाला ८ तासच टिकतं, बर्फाच्या पिशव्यांमध्ये २४ तास. वेलेट्रीला आणि नव्या द्रावकातल्या फ्लोलानला सहसा बर्फ लागत नाही. पातळ केलेलं ट्रेप्रोस्टिनिल ४८ तास चालतं. एपोप्रोस्टेनॉल उजेडापासून जपायचं. कोणत्याही कॅसेटवर उन्हात उभ्या गाडीत विसंबू नये. आणि औषध गोठवायचं तर कधीच नाही.

पंप वाजायला लागला. आता?

आधी पडद्यावर काय लिहिलंय ते वाचा. बॅटरी कमी झाली असेल तर बदला, नव्या बॅटरी कायम पंपाच्याच पिशवीत हव्यात. औषध संपत आलं असेल तर तयार कॅसेट लावा. दाब वाढल्याचा किंवा अडथळ्याचा इशारा असेल तर पंपापासून छातीपर्यंत नळीवर हात फिरवा: क्लॅम्प (नळी दाबून बंद करणारा चिमटा) बंद राहिला आहे का, नळीला पीळ पडलाय का, ती पट्ट्याखाली किंवा कुशीखाली दबलीय का? बहुतेक वेळा कारण इथेच सापडतं. पण दाबलेली नळी घाईने मोकळी करू नका. मागे दाटलेलं औषध एकदम आत जाऊ शकतं. तुमच्या पंपासाठी जो क्रम शिकवला आहे त्याच क्रमाने करा.

कारण सापडलं नाही तर शोधत बसू नका. दुसरा पंप लावा. तरीही चालत नसेल तर रुग्णवाहिका बोलवा आणि नंतर आमच्यासारख्या तुमच्या पथकाला फोन करा. या क्रमाने, उलट नाही.

दुसरा पंप खरंच हवा का? तो नुसता कपाटात पडून असतो.

हवाच. आणि तो कपाटात पडून असू नये. त्यावर सध्याचाच वेग भरलेला हवा. डोस वाढवल्यावर हातातल्या पंपाचा वेग बदलतात आणि राखीव पंपावर तीन महिन्यांपूर्वीचा आकडा तसाच राहतो, हे मी वारंवार पाहिलंय. ज्या दिवशी एकाचा वेग बदलाल त्याच बैठकीत दुसऱ्याचाही बदला. घराबाहेर पडताना राखीव पंप, तयार कॅसेट, ट्यूबिंग, बॅटरी आणि सूचनांचा कागद एका पिशवीत सोबत, कोपऱ्यावर जायचं असलं तरी.

नळी फाटली, गळायला लागली किंवा बाहेरच आली तर?

फाटली असेल तर फाटलेली जागा आणि छातीची त्वचा यांच्या मधोमध क्लॅम्प लावा. त्यामुळे रक्त बाहेर येणार नाही आणि हवा आत जाणार नाही. पूर्ण बाहेर आली असेल तर जखमेवर स्वच्छ गॉज ठेवून घट्ट दाबून धरा.

क्लॅम्प लावल्याक्षणी औषध बंद झालेलं असतं, हे विसरू नका. लगेच रुग्णवाहिका. रुग्णालयात पोचल्यावर पहिलं वाक्य हेच: ‘माझं औषध थांबलंय, हाताच्या शिरेत सुई लावून ते ताबडतोब सुरू करा.’ हाताच्या साध्या शिरेतून हे औषध तात्पुरतं देता येतं. नवी नळी बसवण्याची वाट पाहायची गरज नसते आणि वाट पाहूही नये. तुमचा पंप आणि तुमची कॅसेट तिथे सोबत न्या, कारण हे औषध प्रत्येक ठिकाणी साठ्यात असतंच असं नाही.

मला थोडा ताप आलाय. पॅरासिटामॉल घेऊन बघू का?

नको. छातीतली नळी थेट मोठ्या रक्तप्रवाहात उघडते. तिच्यातून जंतू गेले तर संसर्ग सगळ्या शरीरात पसरायला वेळ लागत नाही. ताप ३८ अंश सेल्सियस किंवा त्याहून जास्त, थंडी वाजून हुडहुडी भरणं, नळीच्या तोंडाशी लाली, दुखणं, पू, यांतलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी, त्याच तासात रुग्णालय गाठा. ताप नसला तरी अचानक गळून गेल्यासारखं झालं, तरीही. गोळी घेऊन ताप उतरवला तर डॉक्टरांनाही फसल्यासारखं होतं. घरात उरलेलं अँटिबायोटिक तर मुळीच घेऊ नका. रक्ताची तपासणी आधी व्हायला हवी, आणि ते रक्त हातातून काढायचं, या नळीतून नाही.

संसर्गाची एक बाजू लोकांना माहीत नसते: नळाचं पाणी. २००७ साली अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने शिरेतून ट्रेप्रोस्टिनिल घेणाऱ्यांमध्ये रक्तातला संसर्ग, विशेषतः ग्रॅम-निगेटिव्ह नावाच्या गटातल्या जंतूंचा, जास्त आढळल्याचं मांडलं होतं. असे जंतू ओल्या जागी चांगले राहतात. फ्लोलानच्या क्षारधर्मी द्रावणात त्यांना वाढणं अवघड जातं, ट्रेप्रोस्टिनिलच्या नेहमीच्या द्रावणात तसं संरक्षण नाही. त्यानंतर जोडणीवर बंद प्रकारचं तोंड वापरणं आणि आंघोळीत जोडण्या कोरड्या ठेवणं यावर भर आला, आणि त्याचा उपयोग झाला. तेव्हा ड्रेसिंग कोरडं राहिलं म्हणून समाधान मानू नका. नळी आणि ट्यूबिंग जिथे जुळतात ती जागाही झाकलेली हवी. ओली झाल्यासारखी वाटली तर पुसून, वाळवून मगच जोडणी उघडा.

ड्रेसिंग किती दिवसांनी बदलायचं?

पारदर्शक असेल तर साधारण सात दिवसांनी, गॉजचं असेल तर दोन दिवसांनी. ओलं झालं, मळलं किंवा कडेने सुटलं तर लगेच. त्वचा क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाने पुसून पूर्ण वाळू द्यायची.

आंघोळ, पोहणं?

आंघोळ करा, नळी आणि जोडण्या झाकून. पोहणं, टबमध्ये डुंबणं, नदी-तलावात उतरणं बंद. पंप पाण्यापासून दूर ठेवायचा, पण चालू ठेवूनच.

पहिला घास घेतला की जबडा दुखतो. हे जास्त औषध होतंय का?

बहुधा नाही. पहिल्या घासाला जबड्यात कळ येणं ही या औषधाची ओळखीची खूण आहे. दोन-चार घासांनंतर ती ओसरते. आधी काहीतरी मऊ तोंडात घोळवून मग जेवायला सुरुवात केली तर काहींना बरं पडतं. चेहरा लाल होणं, डोकेदुखी, जुलाब, मळमळ, तळपाय आणि पाय दुखणं हेही नेहमीचं. डोस वाढवल्यावर काही दिवस हे जास्त जाणवतं, मग बरंचसं कमी होतं. जुलाबावर आणि दुखण्यावर उपाय असतात. सोसत बसू नका, सांगा.

वेगळं काय? डोस वाढवलेला नसताना हे सगळं एकाएकी आणि जोराने सुरू झालं, जोडीला चक्कर आली किंवा रक्तदाब खाली गेला, तर औषध जास्त जात असू शकतं. पंपाचा वेग आणि कॅसेटची तीव्रता कागदाशी ताडून पाहा आणि ताबडतोब फोन करा. घाबरून पंप बंद करू नका. उलट, नेहमीचे त्रास अचानक नाहीसे झाले आणि धाप वाढली, तर औषध पोचत नसेल अशी शंका घ्या. जबडा दुखायचा थांबला म्हणून आनंद मानण्याआधी नळी तपासा.

इतर औषधांचं काय?

नवं काहीही सुरू करण्याआधी विचारा, हे एक. दुसरं, हे औषध प्लेटलेटचं काम मंदावतं, त्यामुळे रक्त पातळ करणारी औषधं किंवा आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या जोडीला असतील तर रक्तस्राव वाढू शकतो. रक्तदाबाच्या आणि लघवी होण्याच्या गोळ्यांनी दाब आणखी उतरतो. चोंदलेल्या नाकासाठी मिळणाऱ्या सर्दीच्या गोळ्या टाळा. ट्रेप्रोस्टिनिल घेणाऱ्यांनी दोन नावं लक्षात ठेवा: जेमफायब्रोझिलमुळे शरीरातलं ट्रेप्रोस्टिनिल वाढतं आणि क्षयावरच्या रिफाम्पिसिनमुळे कमी होतं. सोटाटरसेप्ट हे पीएएचवरचं अलीकडचं औषध जोडीला सुरू झालं असेल तर प्लेटलेट आणि हिमोग्लोबिनच्या तपासण्या चुकवू नका.

मूल व्हावं असं वाटतंय.

हा प्रश्न विचारायला बायका कचरतात, आणि नेमका तोच आधी विचारायला हवा. पीएएचमध्ये गरोदरपण आईच्या जिवाला मोठा धोका असतो, म्हणून ते टाळण्याचाच सल्ला देतात. शिवाय जोडीला दिली जाणारी बोसेन्टान, मॅसिटेन्टान आणि रिओसिग्वाट ही औषधं गर्भाला हानी करतात. गर्भनिरोधाची खात्रीची पद्धत तुमच्या डॉक्टरांसोबत ठरवा. पाळी चुकली तर थांबू नका, त्याच दिवशी कळवा. कुणीही तुम्हाला दोष देणार नाही.

दुसऱ्या कारणासाठी रुग्णालयात भरती व्हावं लागलं तर?

खरं सांगते, मला घरापेक्षा तिथली काळजी जास्त वाटते. घरी तुम्ही हे रोज करता. तिथल्या माणसांनी हे औषध कदाचित पहिल्यांदाच पाहिलेलं असतं, आणि त्यात त्यांचा दोष नाही. पण मग पंप दिसला की ‘हा बंद करून आपला लावू’, नळी दिसली की ‘हिच्यातूनच रक्त घेऊ’, असं सहज होतं.

एक साधी गोष्ट करा. नळीच्या जोडणीजवळ ठळक चिठ्ठी लावा: ‘फक्त या औषधासाठी. थांबवू नका. सलाईन मारू नका.’ गळ्यात किंवा मनगटावर ओळखपट्टी ठेवा. औषधाचं नाव, डोस, तीव्रता, वेग, धरलेलं वजन आणि पथकाचा चोवीस तास चालणारा फोन नंबर एकाच कागदावर असू द्या. कागद तारखेनिशी ताजा हवा. वेग बदलला आणि कागद जुना राहिला, तर तो कागदच घात करतो.

पाळी बदलली की नव्या परिचारिकेला पुन्हा सांगा. तुम्ही झोपेत किंवा गुंगीत असाल तर घरचं माणूस शेजारी हवं, ज्याला हे सगळं येतं. माझ्या ओळखीतल्या एका रुग्णाच्या मुलीने तातडीच्या विभागात सिरिंज हातात घेतलेल्या डॉक्टरांना थांबवलं होतं. वय सोळा. तिने फक्त एवढंच म्हटलं, ‘थांबा, आधी यांच्या डॉक्टरांशी बोला.’ आणि फोन पुढे केला. भांडण नाही, आरडाओरडा नाही. हे एक वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ असू द्या.

दात काढायचाय, किंवा शस्त्रक्रिया आहे. उपाशी राहायला सांगितलंय.

पोट उपाशी, पंप नाही. औषध शस्त्रक्रियेतही चालूच राहतं. तारीख ठरण्याआधी पीएएचच्या पथकाला कळवायला सांगा. भूल देणाऱ्या डॉक्टरांना हे आधी कळणं फार गरजेचं असतं.

एमआरआय?

नेहमीचा पंप एमआरआयच्या खोलीत नेता येत नाही. आधी ठरवून लांब ट्यूबिंगची किंवा दुसऱ्या पंपाची सोय करावी लागते. आयत्या वेळी ‘पाच मिनिटं काढून ठेवा’ म्हणाले तर तपासणी पुढे ढकला.

विमानाने जाता येईल का?

अनेक जण जातात, पण डॉक्टरांना विचारून. विमानातली हवा साधारण २,४०० मीटर उंचीवरच्या हवेइतकी विरळ असू शकते, त्यामुळे काहींना प्राणवायू लागतो. औषध, राखीव पंप आणि सगळं साहित्य हातातल्या सामानात ठेवा, दोन ठिकाणी वाटून. डॉक्टरांचं पत्र वरच ठेवा. उड्डाण रखडेल असं गृहीत धरून किमान दोन-तीन दिवसांचं जास्तीचं न्या. देशांची घड्याळं बदलली तरी कॅसेटची मुदत तासांत मोजायची. चोवीस तास म्हणजे चोवीस तास, तिथली सकाळ झाली म्हणून नव्हे.

हे कधी थांबेल का?

काही मोजक्या रुग्णांना, आजार बराच आटोक्यात आल्यावर, हळूहळू गोळ्यांवर आणता येतं. ते दाब आणि हृदय तपासत, अनुभवी केंद्रातच करतात. बऱ्याच जणांना ते वर्षानुवर्षं चालू ठेवावं लागतं. प्रश्न विचारायला हरकत नाही, दर भेटीत विचारा.

मी एकटाच राहतो. झोपेत पंपाचा आवाज ऐकू आला नाही तर?

पंप गादीखाली किंवा जाड पांघरुणात गुंडाळून ठेवू नका, उशीजवळ ठेवा. झोपण्याआधी तीन गोष्टी पाहा: कॅसेटमध्ये सकाळपर्यंत पुरेल एवढं औषध आहे का, बॅटरी ताजी आहे का, नळी कुशीखाली दबणार नाही ना. नवी कॅसेट लावण्याची वेळ रात्री किंवा पहाटे येत असेल तर पथकाशी बोलून ती तुम्ही जागे असण्याच्या वेळेवर आणा. ऐकायला कमी येत असेल तर ते आधीच सांगा, थरथरणारा किंवा दिवा लागणारा इशारा जोडता येतो का ते पाहता येईल. शेजारच्या एखाद्या माणसाकडे किल्ली, कागदाची प्रत आणि आमचा नंबर देऊन ठेवा, आणि तुमचा दुसरा पंप कुठे ठेवलाय ते त्याला एकदा घरी बोलावून दाखवा.